आवाज येतो, चित्र येत नाही! टीव्ही, बॉक्स आणि व्हिडिओची लिपी



गटांच्या सभांना फिरताना हल्ली एक तक्रार वारंवार कानावर येते. प्रशिक्षणाचा व्हिडिओ फोनवर एकदम छान चालतो, पण पेनड्राइव्हमध्ये घालून टीव्हीला लावला की नुसता आवाज येतो, पडदा काळाच. कुठे चित्र दिसतं पण बाई मुक्यानेच बोलतात. कुठे ‘फाइल सपोर्ट करत नाही’ अशी पाटी येते. मग कुणीतरी म्हणतं, टीव्ही जुना झाला. कुणी म्हणतं, पेनड्राइव्ह खराब आहे. दुकानदाराला विचारलं तर तो नवीन टीव्हीचं कोटेशनच हातात देतो.

बहुतेक वेळा यातलं काहीच खराब नसतं. टीव्हीही ठीक, पेनड्राइव्हही ठीक, व्हिडिओही ठीक. अडचण एवढीच की, व्हिडिओ ज्या पद्धतीने बांधलाय ती पद्धत त्या टीव्हीला उलगडता येत नाही. ही पद्धत म्हणजे ‘कोडेक’. शब्द अवघड वाटला तरी गोष्ट सोपी आहे, आणि ती समजली तर गटाचे काही हजार रुपये वाचू शकतात. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओ आवळावा का लागतो?

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. एका सेकंदाला २५ किंवा ३० फोटो. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका फोटोत वीस लाखांच्या वर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांचा हिशोब. हे सगळं जसंच्या तसं साठवायचं म्हटलं, तर एका मिनिटाच्या व्हिडिओला नऊ जीबीच्या वर जागा लागेल! आपला सगळा फोन पाच-दहा मिनिटांतच भरून जाईल. प्रत्यक्षात फोनवर तेच एक मिनिट साधारण शंभर-सव्वाशे एमबीत मावतं. कसं काय?

आपल्या गटाच्या हिशोबाच्या वहीचंच उदाहरण घ्या. दर सभेला आपण गट सुरू झाल्यापासूनचा सगळा व्यवहार पुन्हा लिहितो का? नाही. मागची शिल्लक घेतो आणि आज काय बदललं तेवढंच लिहितो. आज इतकी बचत जमा, इतकं कर्ज वाटप, इतकी परतफेड. व्हिडिओतही तेच असतं. पहिला फोटो पूर्ण साठवतात, ती झाली ‘शिल्लक’. पुढच्या फोटोंमध्ये फक्त काय हललं तेवढं लिहितात. ताई बोलतायत, ओठ हलले, हात हलला, पण मागची भिंत तीच, फळा तोच. मग भिंत पुन्हा कशाला लिहायची? अधूनमधून एक पूर्ण फोटो परत टाकतात, म्हणजे हिशोब चुकला तरी तिथून पुन्हा जुळतो. कधीकधी चित्र चौकोन-चौकोन होऊन फाटतं आणि क्षणात पुन्हा नीट होतं, त्याचं कारण हेच.

लिहिण्याची ही जी पद्धत, तिलाच कोडेक म्हणतात. फोन त्या पद्धतीने लिहितो आणि टीव्ही किंवा बॉक्स ते वाचून पुन्हा चित्र तयार करतो.

भाषा मराठीच, पण लिपी मोडी

आता खरी मेख इथे आहे. अशा पद्धती एकच नाही, बऱ्याच आहेत. जुन्या जमिनीचे कागद तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. भाषा मराठीच, पण लिपी मोडी. आपल्याला बाळबोध वाचता येतं म्हणून मोडी वाचता येत नाही. कागद खोटा नसतो आणि आपले डोळेही खराब नसतात, फक्त ती लिपी येत नसते. टीव्हीचं अगदी असंच होतं.

नेहमी भेटणाऱ्या लिप्या या :

• एमपेग-२ – १९९० च्या दशकातली जुनी पद्धत. डीव्हीडीच्या तबकड्या याच पद्धतीच्या. जुन्या सेट-टॉप बॉक्सला एवढीच येते.

• एच.२६४ – २००३ साली आली. हिलाच एव्हीसी किंवा एमपेग-४ एव्हीसी असंही म्हणतात. आजची ही आपली बाळबोध! फोन, टीव्ही, बॉक्स, कॉम्प्युटर, जवळपास सगळ्यांना वाचता येते.

• एच.२६५ – २०१३ साली आली. दुसरं नाव एचईव्हीसी. तेवढ्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. नवे फोन बऱ्याचदा याच पद्धतीने व्हिडिओ काढतात. पण तिच्यासाठी वेगळी चिप लागते आणि कंपनीला परवान्याचे पैसेही भरावे लागतात. म्हणून अनेक जुन्या आणि स्वस्त टीव्हींमध्ये ती नसते.

• व्हीपी९ आणि एव्ही१ – व्हीपी९ गुगलने २०१३ साली आणली. एव्ही१ ही अनेक कंपन्यांनी मिळून २०१८ साली आणली. यूट्यूबवर दोन्ही खूप वापरतात.

नवी पद्धत वाईट आहे असं मात्र समजू नका. फुल एचडी व्हिडिओ एच.२६४ मध्ये सेकंदाला पाच मेगाबिट वेगाने तासभर पाहिला, तर साधारण सव्वादोन जीबी डेटा जातो. एच.२६५ मध्ये त्याच्या जवळपास निम्माच. डेटाही वाचतो, फोनमधली जागाही वाचते. फक्त समोरच्याला ती वाचता आली पाहिजे.

नावावरून कळत नाही

इथे बऱ्याच जणी फसतात. फाइलच्या नावापुढे एमपी४ किंवा एमकेव्ही लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं, टीव्हीच्या खोक्यावर एमपी४ लिहिलंय, म्हणजे चालणार. पण एमपी४ हे नुसतं पाकीट आहे. आतलं पत्र कोणत्या लिपीत आहे ते पाकिटावरून कळत नाही. एमपी४ पाकिटात एच.२६४ असू शकतं, तसंच एच.२६५ सुद्धा.

शिवाय त्या पाकिटात दोन पत्रं असतात, एक चित्राचं आणि एक आवाजाचं. दोघांची लिपी वेगवेगळी. टीव्हीला आवाजाची लिपी आली आणि चित्राची नाही आली, तर नुसताच आवाज. उलट झालं तर चित्र दिसतं पण आवाज नाही. कारण एकच, पण दोन तऱ्हेने दिसतं.

उलगडतंय कोण, हे आधी बघा

व्हिडिओ टीव्हीवर येण्याच्या वाटा तीन-चार आहेत. प्रत्येक वाटेवर उलगडण्याचं काम वेगळं यंत्र करतं. ज्याने उलगडायचं, त्यालाच लिपी आली पाहिजे. बाकीच्यांना नाही आली तरी चालतं.

१. डिश आणि सेट-टॉप बॉक्स. इथे काम सेट-टॉप बॉक्स करतो. दूरदर्शनची मोफत डिश सेवा २००४ साली सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. तिच्यावर काही चॅनेल एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये. ज्यांच्याकडे जुना बॉक्स आहे त्यांना एमपेग-४ मधले चॅनेल दिसतच नाहीत. आपल्याला वाटतं वाऱ्याने डिश हलली, आणि पोराला पत्र्यावर चढवतो. शेजारणीला ते चॅनेल दिसतात आणि आपल्याला नाही, पण आपले बाकीचे चॅनेल स्वच्छ येतात, असं असेल तर डिशला हात लावू नका. बॉक्स कोणता आहे ते आधी बघा. एमपेग-४ चा बॉक्स दोन्ही वाचतो. म्हणून घ्यायचाच असेल तर तोच मागा.

२. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला. इथे टीव्हीलाच उलगडायचं असतं. त्याच्या आतल्या चिपला कोणत्या लिप्या येतात हे कारखान्यातच ठरलेलं असतं. अपडेट करून नवी लिपी शिकवता येते, असं सहसा होत नाही.

३. स्टिक किंवा स्ट्रीमिंग बॉक्स. हा एचडीएमआयच्या खाचेत लागतो. व्हिडिओ तोच उलगडतो आणि टीव्हीला तयार चित्र देतो. टीव्हीने फक्त दाखवायचं. म्हणून ज्या टीव्हीला एच.२६५ येत नाही, त्याच टीव्हीवर बॉक्समधून एच.२६५ चा व्हिडिओ छान दिसतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण नवा टीव्ही घ्यायचा की नाही याचं उत्तर इथेच आहे.

४. स्मार्ट टीव्हीतलं यूट्यूब. यूट्यूबकडे एकाच व्हिडिओच्या वेगवेगळ्या लिपीतल्या प्रती तयार असतात. टीव्हीला जी येते ती प्रत यूट्यूब पाठवतं. म्हणून ‘यूट्यूब चालतं, मग पेनड्राइव्ह का चालत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पेनड्राइव्हमध्ये एकच प्रत असते.

एका ग्रामसंघात काय झालं

आपल्याच भागातल्या एका ग्रामसंघाची गोष्ट सांगते. शेळीपालनाच्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ एका ताईंनी नव्या फोनवर काढला होता. लसीकरण, गाभण शेळीची काळजी, सगळं व्यवस्थित होतं. ग्रामसंघाच्या कार्यालयातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, तर फक्त आवाज. दुकानदार म्हणाला, टीव्ही आता कालबाह्य झाला. बावीस हजारांचं कोटेशन आलं आणि पुढच्या सभेत ठराव मांडायचंही ठरलं.

सभेत एका वयस्कर सदस्य मावशींनी विचारलं, “अगं, फोनवर दिसतंय ना? आणि टीव्हीवर बाकीचं सगळं दिसतंय ना? मग बिघडलंय काय नेमकं?”

मावशींचा प्रश्न बरोबर होता. दोन्ही यंत्रं चांगली असतील तर खोट मधल्या भाषेत आहे. तो व्हिडिओ एच.२६५ चा निघाला. व्हॉट्सॲपवरून तो दुसऱ्या फोनवर पाठवला, तिथून पेनड्राइव्हमध्ये घेतला, आणि तोच टीव्ही लख्ख चालला. खर्च शून्य. ठराव बारगळला आणि ते पैसे खात्यातच राहिले. बावीस हजारांत दोघी-तिघींची छोटी कर्जं भागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बिनपैशाचे उपाय

*फोनचं सेटिंग बदला.* व्हिडिओ काढण्याआधीच करायचं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी व्हिडिओ’, ‘एचईव्हीसी’ किंवा ‘एच.२६५’ असं काही लिहिलेलं दिसलं तर ते बंद करा. आयफोन असेल तर सेटिंग, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. सोबत १०८०पी आणि ३० फ्रेम ठेवा. प्रशिक्षणाच्या व्हिडिओला फोर-के ची काही गरज नसते.

*व्हॉट्सॲपची वाट.* व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते लहान होऊन बहुधा एच.२६४ मध्येच जातं. चित्र थोडं उतरतं, पण वर्गात दाखवायला पुरतं. मात्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका. तसं पाठवलं तर फाइल आहे तशीच जाते आणि अडचणही सोबत जाते.

*कॉम्प्युटरवर बदलून घ्या.* हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात व्हिडिओ उघडून एच.२६४ आणि एमपी४ निवडलं की नवी प्रत तयार होते. गावातल्या सेवा केंद्रातल्या मुलाला एवढं सांगितलं तरी तो करून देईल. आवाजासाठी ‘एएसी’ निवडायला सांगा. मूळ फाइल पुसू नका.

*व्हीएलसी वापरा.* फोनवर, कॉम्प्युटरवर किंवा अँड्रॉइडच्या टीव्ही बॉक्सवर हे मोफत ॲप टाकता येतं. त्याला पुष्कळ लिप्या येतात. बॉक्सला यूएसबीची जागा असेल तर पेनड्राइव्ह टीव्हीला न लावता बॉक्सला लावा.

*पेनड्राइव्ह तपासा.* फाइल दिसतच नसेल तर कोडेकचा दोष नसेलही. पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीचा असेल तर बहुतेक टीव्ही तो वाचतात, पण त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. दुसऱ्या पद्धतीचे पेनड्राइव्ह काही टीव्हींना दिसतच नाहीत. फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या, नाहीतर फोटो, कागदपत्रं सगळं पुसलं जाईल.

लक्षणावरून कारण

आवाज आहे, चित्र नाही : टीव्हीला चित्राची लिपी येत नाही. एच.२६४ ची प्रत करा.

चित्र आहे, आवाज नाही : आवाजाची लिपी येत नाही. आवाज एएसी मध्ये बदलून घ्या. बॉक्स लावला असताना असं होत असेल तर बॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडा.

चित्र अडखळतं : फाइल फार मोठ्या दर्जाची आहे किंवा पेनड्राइव्ह संथ आहे. १०८०पी ची प्रत करून बघा.

‘नो सिग्नल’ अशी पाटी : यात कोडेकचा काही संबंध नाही. रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून बरोबर एचडीएमआय निवडा.

बॉक्स लावला की पडदा काळा : बॉक्स फोर-के चित्र पाठवतोय आणि टीव्हीला ते झेपत नाही, असं असू शकतं. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी करा. केबल बदलून पाहा.

यूट्यूब दिसतं पण पैसे भरून घेतलेलं ॲप काळं दिसतं किंवा ‘एचडीसीपी’ असा शब्द येतो : हे चोरी रोखण्याचं कुलूप आहे. बॉक्स आणि टीव्ही दोघांनी ते मान्य करावं लागतं. मध्ये जोडणीचा काही डबा लावला असेल तर तो काढून थेट जोडा.

घ्यायचंच असेल तर काय विचाराल?

काही ठिकाणी खरंच खरेदी लागते. अशा वेळी ठराव करण्याआधी हे विचारा आणि उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या.

१. आपल्या टीव्हीला एचडीएमआयची खाच आहे का? नसेल, फक्त पिवळी-पांढरी-लाल अशी गोल भोकं असतील, तर ‘एचडीएमआय ते एव्ही’ कनव्हर्टर लागतो. दिशा नीट सांगा, कारण ‘एव्ही ते एचडीएमआय’ हा वेगळाच डबा आहे आणि तो इथे चालत नाही. चित्र थोडं धूसर येतं, लहान अक्षरं वाचायला त्रास होतो.

२. बॉक्सला एच.२६४, एच.२६५, व्हीपी९ येतं का? एव्ही१ असेल तर पुढची काही वर्षं चिंता नाही.

३. टीव्ही फुल एचडीच असेल तर ‘फोर-के’ बॉक्ससाठी जास्त पैसे का द्यायचे? टीव्हीत जेवढे ठिपके आहेत तेवढेच दिसणार.

४. बॉक्ससोबत वीज देणारा ॲडॉप्टर आहे का? टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक चालवली तर वीज कमी पडून ती मधेच बंद-चालू होऊ शकते.

५. बिल मिळेल का? वॉरंटी किती? बिलाशिवाय घेऊ नका. सांगितलं एक आणि दिलं दुसरं असं झालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे बिलच कामाला येतं.

आणि एक धोक्याची सूचना. बाजारात बिननावाचे, फार स्वस्त अँड्रॉइड बॉक्स मिळतात. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकतात. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच माहिती चोरणारं सॉफ्टवेअर भरून आल्याचं २०२३ साली तपासात उघड झालं होतं. असा बॉक्स गटाच्या पैशातून घेऊ नका. आणि बॉक्स कोणताही असो, त्यावर बँकेचं किंवा पैसे पाठवण्याचं ॲप उघडू नका.

पुढच्या सभेत एवढं करा

टीव्हीच्या पाठीमागे मॉडेल नंबरची चिठ्ठी असते. तिचा फोटो काढून ठेवा. माहितीपुस्तकात शेवटी-शेवटी ‘यूएसबी’ किंवा ‘व्हिडिओ फॉरमॅट’ असा तक्ता असतो. त्यात एच.२६४ आणि एच.२६५ समोर काय लिहिलंय ते बघा.

मग एका पेनड्राइव्हमध्ये एक-एक मिनिटाचे तीन व्हिडिओ घ्या. एक तुमच्या फोनवरून थेट काढलेला, एक तोच व्हॉट्सॲपवरून आलेला, एक हँडब्रेकमधून बदललेला. तिन्ही टीव्हीवर लावून पाहा आणि कोणता चालला ते कार्यवृत्तात एका ओळीत लिहून ठेवा. पुढे कोणत्याही प्रशिक्षणाचा व्हिडिओ त्याच प्रकारे तयार करून मागता येईल. लेखापाल ताईंनी ही ओळ प्रभागसंघाच्या मासिक बैठकीला आणली, तर सगळ्या गावांची मिळून एक यादी होईल. मग प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाठवणाऱ्यांनाच आपण सांगू शकू की आमच्या टीव्हींना चालेल अशीच प्रत द्या.

दहा मिनिटांचं काम आहे. नवीन टीव्हीचा विषय सभेपुढे आला, तर ठरावावर सही करण्याआधी ही चाचणी झालीय का, एवढं नक्की विचारा.

– तुमची क्षेत्र समन्वयक